उजळलेला ससा

आमच्या माहेरी काळं पडलेलं भांडं दिसलं की त्याची तीनच कारणं धरायचे. घरातली बाई आजारी आहे, नाहीतर आळशी आहे, नाहीतर घरात कोणी गेलंय. चौथं कारण कुणाला माहीत नव्हतं. मी पुण्यातल्या एका तांबटाची मुलगी. वडील आणि भाऊ तांबं ठोकायचे, आणि ठोकून झालेलं भांडं आम्हा बहिणींपुढे उजळायला यायचं. चिंच, मीठ, राख आणि नारळाचा चोथा, एवढीच आमची हत्यारं. माझा सातवीचा निकाल लागला त्या वर्षी लग्नसराईचं काम फार होतं. वडील म्हणाले, "दोन महिने घरी थांब, मग जा शाळेत." ते दोन महिने अजून संपायचे आहेत.

रडगाणं म्हणून नाही सांगत. या हातांनी मला पुष्कळ दिलं. सासूबाई मुलगी बघायला आल्या तेव्हा आमच्या ओट्यावरचं घंगाळ उन्हात असं झळाळत होतं, की त्यांनी माझं शिक्षण विचारलंच नाही. मुलगा डिप्लोमा झालेला, कंपनीत लागलेला. पुढे त्या कंपनीने ह्यांना अमेरिकेला पाठवलं आणि मागून मी आले. व्हिसा कंपनीने दिला, पण मला इथवर आणलं ते त्या घंगाळानेच, असं मी मानते.

फ्रीमाँटला आमच्या टाउनहाउसच्या रांगेत सगळे शिकलेले. कुणी नागपूरचे, कुणी मुंबईचे, नवरा-बायको दोघं सकाळी फ्रीवेला लागतात. मी घरी. गणपतीच्या आधी मात्र त्याच बायका समया, ताम्हणं, निरांजनं पिशव्या भरभरून माझ्याकडे आणतात. "काकू, तुम्ही नसतात तर आमचे देव काळेच राहिले असते." हे ऐकायला मला फार आवडतं. बाकी वर्षभर त्यांच्यात इंग्रजी सुरू झालं की मी चहा ठेवायला आत जाते. पुष्कळ चहा झालाय आमच्या घरात.

मागच्या वर्षी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. अमेरिकेतच दूर ईडन प्रेरीला नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीने आम्हाला इंग्लंडची सहल भेट दिली. चार दिवस खेड्यात, तीन दिवस लंडनमध्ये. सगळं तिनेच फोनवरून बुक केलं.

"आई, तुम्ही दोघं कधी कुठे गेलाच नाहीत. पुण्याला जाणं डझन्ट काउंट."

"तिकडे बोलायचं कोणी?"

"बाबा बोलतील. तू फक्त बघ. एन्जॉय कर, यार."

"आईला यार म्हणतेस?"

"सॉरी, यार," म्हणाली आणि हसत सुटली.

मे महिना होता, तरी तिकडे थंडी होती. खेडं म्हणजे एक रस्ता, एक चर्च, एक दुकान, आणि मधाच्या रंगाच्या दगडांची घरं. हे गाडीतून उतरले तेच म्हणाले, "अगं, हे तर कॅलेंडरातलं गाव!" आम्ही उतरलो ते घर एका विधवा बाईंचं होतं. वय ऐंशीच्या आसपास, उंच, अंगात कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर. वरच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देत. दारातच त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली. मी सोडेना. ऐंशी वर्षांच्या बाईला बॅग कशी देणार? दोघी दोन बाजूंनी ओढतोय असा थोडा वेळ तमाशा झाला, शेवटी त्या जिंकल्या.

आम्ही मांस-मच्छी खात नाही हे लेकीने आधीच कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी बाईंनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि एक नवीन तवा दाखवला. कागदी लेबल अजून मुठीला चिकटलेलं. "ओन्ली फॉर यू," त्या म्हणाल्या. आमच्यासाठी, नवा. मला बोलताच येईना. परक्या देशात सोळा वर्षं काढलेल्या माणसाला थँक्यू म्हणायची इतकी सवय असते की खरं थँक्यू आलं तेव्हा तोंडातून बाहेर पडलंच नाही. त्या दिवसापासून मनातल्या मनात मी त्यांना मावशी म्हणायला लागले.

"तोंडावर म्हणू नकोस," हे म्हणाले. "त्यांना वाटेल शिवी दिलीस."

दोन दिवस आम्ही खेड्यांतून चाललो. तिकडे पायवाटा सरळ लोकांच्या शेतांतून जातात. लाकडी फाटक उघडायचं, मेंढ्यांमधून चालायचं, दुसऱ्या फाटकातून निघायचं, आणि फाटक न विसरता लावायचं. प्रत्येक फाटकाशी मी विचारायचे, "कोणी ओरडलं तर?" "अगं, हक्काचा रस्ता आहे, नकाशात आहे," असं हे म्हणत, तरी मी प्रत्येक मेंढीकडे बघून थोडी मान झुकवत होते. एका गावात तळ्याकाठी बसून आम्ही डब्यातली थालीपिठं खाल्ली. दुसऱ्या गावात पबमध्ये सूप आणि पाव. संध्याकाळी मावशी विचारायच्या, आज काय बघितलं? हे सांगायचे, मी शेजारी बसून बरोबर ठिकाणी हसायचे. ह्यांचा चेहरा बघून हसायचं, ही माझी युक्ती जुनी आहे.

तिसऱ्या दिवशी पावसात भिजून ह्यांना ताप भरला. मावशींनी फायरप्लेस पेटवली, गरम पाण्याची पिशवी आणली, लिंबू पिळून मध घातलेलं पाणी दर दोन तासांनी वर पाठवलं. पाठवलं म्हणजे स्वतः आणलं, त्या उभ्या जिन्यावरून, ट्रे धरून. मी खाली ट्रे घ्यायला धावले तेव्हा त्या जिन्याच्या वळणावर दम घ्यायला थांबल्या होत्या. तिथे खिडकीच्या कट्ट्यावर, लेकीने वेबसाइटवर दाखवला होता तो ससा बसलेला होता. धातूचा, नारळाहून थोडा मोठा, लांब कान मागे टाकलेला. काळपट, हिरवट, कानांशी तपकिरी. मावशींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून बराच वेळ काहीतरी बोलल्या. हळू, समजावून, मला कळावं म्हणून.

मला दोन शब्द कळले. हजबंड आणि समर.

मी म्हणाले, "येस, येस. व्हेरी नाइस."

नाही कळलं, असं म्हणायला काय झालं होतं? पण सोळा वर्षांत मी ते वाक्य कुणाला म्हटलेलं नाही. त्या दोन शब्दांचा माझ्या डोक्यात सरळ अर्थ लागला. नवरा गेला, उन्हाळ्यात गेला, आणि तेव्हापासून या सशाला कोणी हात लावलेला नाही. कारण तीनपैकी तिसरं. घरात कोणी गेलंय.

त्या रात्री अंथरुणात मी ठरवूनच टाकलं.

निघायचा दिवस रविवार होता. मावशी चर्चला जाऊन दुपारी येणार आणि मग आम्हाला गाडीने स्टेशनवर सोडणार असं ठरलं होतं. ह्यांचा ताप उतरला होता, हे वर बॅगा भरत होते. मी ससा उचलून स्वयंपाकघरात आणला. बोटाच्या पेराने वाजवून बघितला. कासं. तांबं नव्हे, पितळ नव्हे, कासं, आवाजावरून कळतं. आधी गरम पाणी आणि साबण. काहीतरी मेणासारखं वर बसलं होतं, ते गेलं. मग लिंबाच्या फोडी आणि मीठ. मग फायरप्लेसमधली राख, चहाच्या गाळणीतून चाळून घेतलेली. चिंच नव्हती, चोथा नव्हता, तर भांडी घासायचा खरखरीत स्पंज घेतला.

पहिलं पिवळं दिसलं ते पाठीवर, एक रुपयाएवढं. आणि खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद झाला! परक्या स्वयंपाकघरात, परक्या देशात, मी पहिल्यांदा घरी होते. मी गुणगुणत होते. कानांच्या आतल्या बाजूला काडीला फडकं गुंडाळून घासलं, पोटाखाली अंगठा दाबून घासलं, पंजांच्या मधल्या भेगांत काळं राहिलं होतं तेही काढलं. दोन तास.

हे बॅग घेऊन खाली आले आणि दारातच थांबले.

"अगं, विचारलंस का त्यांना?"

"सरप्राइज आहे."

"सरप्राइज!" ते हसले. मग जवळ येऊन बघितलं. "काय चमकवलंस ग! नवा केलास." नवऱ्याने असं म्हटल्यावर उरलेल्या कानाला मी अजून दहा मिनिटं दिली.

ससा परत जिन्याच्या वळणावर ठेवला. खिडकीतून ऊन पडलं होतं, नेमकं त्याच्यावर. मावशी आल्या, टोपी काढली, जिन्याकडे बघितलं आणि तशाच उभ्या राहिल्या. एक हात गळ्याशी गेला. मला वाटलं, भरून आलंय. भरून आलंच होतं, पण मला वाटलं तसं नाही.

"ओह," त्या म्हणाल्या. पुन्हा, "ओह." मग माझ्याकडे वळल्या. "हाऊ व्हेरी काइंड."

काइंड मला कळतं. मी दोन्ही हात जोडले, मान हलवली, आणि माझ्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. त्या सावकाश वर गेल्या, त्यांच्या खोलीचं दार लागलं. थोड्या वेळाने खाली आल्या, तोंड धुतलेलं. मी ह्यांना म्हटलं, "एक फोटो काढा ना, मावशी आणि मी आणि ससा." ह्यांनी विचारलं, त्यांनी हो म्हटलं. जिन्यावर आम्ही दोघी उभ्या राहिलो, मध्ये ससा. मी त्यांच्या कमरेभोवती हात घातला. त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला. स्टेशनपर्यंत त्यांनी आम्हाला सोडलं, आणि वाटेत ह्यांना प्रत्येक गावाचं नाव सांगत होत्या.

लंडनला उतरल्यावर मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. एवढी गर्दी, सगळ्या रंगांची माणसं, नाना भाषा, आणि कुणीच कुणाकडे बघत नाही. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, एवढा एक नियम पाळला की तुम्ही तिथलेच. आम्ही लाल बसच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढे बसलो. हे लहान मुलासारखे "तो पूल बघ, ती घड्याळाची इमारत बघ" करत होते. मी तो फोटो लेकीला पाठवला आणि फ्रीमाँटच्या बायकांच्या ग्रुपवरही टाकला. खाली मराठीत लिहिलं, "इंग्लंडच्या मावशींचा ससा उजळून दिला." लगेच उत्तरं यायला लागली. बदाम, टाळ्या. "काकू रॉक्स!" "काकूंनी इंग्लंड पण चमकवलं." "राणीचे दागिने राहिले, तेवढे करून या."

मी ती उत्तरं पुन्हा पुन्हा बघत होते तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"आई, हा तो ससा नाहीये ना? दुसरा आहे ना?"

"तोच ग. काळा होता, आठवतं, तू वेबसाइटवर दाखवला होतास?"

"आई. बाबांना फोन दे."

ह्यांनी फोन कानाला लावला. खाली लंडन चाललं होतं, आणि ह्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू जागच्या जागी वाळलं. फोन ठेवून त्यांनी, लेकीने ते घर जिथून बुक केलं होतं, ते पान उघडलं आणि वाचायला लागले. मनातल्या मनात.

"काय लिहिलंय?"

"काही नाही. ससा त्यांच्या मिस्टरांनी बनवला होता. एवढंच."

"एवढंच असतं तर तुमचं तोंड असं झालं नसतं."

"अगं, रंगाबद्दल आहे थोडंसं."

"अहो, वाचा. शब्दाला शब्द वाचा."

पंचवीस वर्षं हे माझ्यासाठी वाचत आलेत, आणि वाचताना खडे वेचून टाकतात. मायेनेच. पण त्या दिवशी मला खडे हवे होते. त्यांनी वाचलं. बाई लिहितात, जिन्यावर आमचा ससा तुम्हाला भेटेल. माझ्या नवऱ्याने शाळेतून निवृत्त झाल्यावर ओतकाम शिकून तो केला. ओतायला एक आठवडा लागला आणि मनासारखा रंग यायला एक अख्खा उन्हाळा. मागच्या शेडमध्ये, ज्योत आणि रसायनं आणि मेण घेऊन, पुन्हा पुन्हा. रानातल्या सशाचा संध्याकाळचा रंग त्याला हवा होता. त्यानंतरच्या हिवाळ्यात तो गेला.

तर ते चौथं कारण होतं. काळं कुणीतरी मुद्दाम, जीव लावून आणलेलं असू शकतं. तांबटाच्या मुलीला हे ठाऊक नव्हतं. आणि मला तर त्यांनी सांगितलंही होतं, सशाच्या पाठीवर हात ठेवून, सावकाश. मी म्हणाले होते, येस, येस.

हातात फोन होता, त्यावर अजून बदाम येत होते. तो फोटो ग्रुपवर तसाच आहे. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. इथे लिहितेय, तिथे अजून लिहिलेलं नाही.

"परत जाऊ या," मी म्हणाले.

"कुठे?"

"मावशींकडे."

"वेडी आहेस का? उद्याची बोटीची तिकिटं आहेत. आणि त्या काही बोलल्या का? काइंड म्हणाल्या ना? फोटोला उभ्या राहिल्या. सोड आता. लेक एक छान मेसेज लिहून देईल."

"लेक लिहील. तुम्ही बोलाल. म्हणजे मी काय करीन? चहा?"

"असं काय बोलतेस?"

"निदान फोन करू नका आधी. फोन केला की त्या म्हणतील काही गरज नाही. आणि मी तेच ऐकायला टपून बसलेय, ते तुम्हाला माहितीय."

ह्यांनी माझ्या हातातला फोन घेतला. मग म्हणाले, "पहिली ट्रेन किती वाजता आहे बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेन, मग एक बस. काही घेऊन जावं का, यावर स्टेशनात आमचा पुन्हा वाद झाला. रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जाऊ नये असं आपल्यात म्हणतात. ह्यांनी फुलं बघितली, मी मिठाईचा डबा हातात घेतला आणि परत ठेवला. द्यायला गेले तेव्हाच तर सगळं झालं होतं. रिकाम्या हाताने गेलो. गाडीत मी ह्यांच्याकडून तीन वाक्यं पाठ करून घेतली आणि दोन तास तीच घोकली. शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच मी काही पाठ करत होते.

मावशींनी दार उघडलं. आम्हाला बघून आधी घाबरल्या. ह्यांना विचारलं, तब्येत ठीक आहे ना, काही राहिलं का? ह्यांनी नाही म्हटलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं असावं. बाजूला झाल्या.

जिन्याच्या वळणावर ससा नव्हता. तिथे पत्रांचा एक गठ्ठा होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो मला दिसला, मागच्या बागेत, झाडाखाली दोन विटांवर. पावसात. ओल्या गवतात तो एखाद्या प्लास्टिकच्या खेळण्यासारखा पिवळा दिसत होता. त्यांनी तो पावसापाण्याच्या स्वाधीन केला होता. काही वर्षांत थोडा रंग धरेल, असं त्या ह्यांना म्हणाल्या. तो रंग नाही, पण काहीतरी.

टेबलाशी बसलो. चहा आला. मी पाठ केलेली वाक्यं म्हटली. "आय ॲम व्हेरी सॉरी. आय डिड नॉट नो. आय डिड नॉट आस्क."

"नो, नो, डिअर," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातावर हात ठेवला. मी चांगल्या मनाने केलं हे त्यांना माहीत आहे, वगैरे. ह्यांनी सुटकेचा श्वास टाकून कप उचलला. "बघ, मी म्हणत होतो ना?"

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण धातूचं काम माहीत असलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. काळं परत आणायची एक युक्ती आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक असते. उकडलेलं अंडं फोडून त्याच्याबरोबर वस्तू बंद डब्यात कोंडून ठेवायची. मी ह्यांना म्हटलं, "विचारा त्यांना, मी करून देऊ? रात्रीत होईल." ह्यांनी विचारलं.

मावशींनी माझ्या हातावरचा हात काढून घेतला.

"नो," त्या म्हणाल्या. "प्लीज. लीव्ह हिम."

आवाज चढलेला नव्हता. बाहेर पाऊस चालूच होता. त्यांनी चमच्याने चहा ढवळला, साखर घातली नसताना. मग ह्यांना विचारलं, हिने केलं कसं ते? काय काय वापरलं? उत्सुकतेने नव्हे. डॉक्टरला विचारावं तसं, शेवटी काय झालं, मला सांगा.

मी मराठीत सांगितलं, लिंबू, मीठ, फायरप्लेसची राख, स्पंज, काडी. हे इंग्रजीत सांगायला लागले. लेमन ऐकू आलं. मग, "जस्ट अ लिटल. व्हेरी जेंटल."

जेंटल हा शब्द मला येतो. आमच्या वॉशिंग मशीनवर आहे.

"नो," मी म्हणाले. "नॉट जेंटल. हार्ड."

"अगं, कशाला उगीच..."

"तुम्ही थांबा." मी मावशींकडे वळले. "हार्ड. टू अवर्स. ऑल." शब्द संपले तेव्हा मी टेबलावर अंगठा टेकून दाखवलं. असा, दाबून, गोल गोल. कानांत असा. पोटाखाली असा. त्या माझ्या अंगठ्याकडे बघत होत्या. मीही बघत होते. किती सफाईने फिरत होता तो. त्यांच्यासमोर, त्या टेबलावर, तेव्हासुद्धा.

त्यांनी काहीतरी विचारलं. हे खाली बघत राहिले.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही ग."

"अहो, सांगा."

"विचारतायत, तुला तो घाण वाटला का. त्यांनी निगा ठेवली नाही, असं वाटलं का."

"येस," मी म्हणाले.

मावशींनी मान हलवली. एवढ्यावर संपवता आलं असतं, पुढचं कुणी विचारलं नव्हतं. पण त्या खेड्यात उपकार फेडायला म्हणून मी स्पंज हातात घेतला, हे अर्धंच खरं होतं. त्या घरात छतापर्यंत पुस्तकं होती, भिंतींवर चित्रं होती. चार दिवस मी तिथे ह्यांचा चेहरा बघून हसत होते. आणि मग मला त्या घरात एक काळी वस्तू सापडली, तेव्हा मला बरं वाटलं होतं. चला, म्हटलं होतं, इथे तरी मी वरचढ आहे. आता बघा म्हणावं, मी कोण आहे ते. हे इंग्रजीत कसं सांगतात ते मला येत नाही, आणि ह्यांना सांगायला सांगितलं असतं तर त्यांनी ते मऊ करून सांगितलं असतं.

"आय वॉन्ट यू सी," मी म्हणाले. "आय... गुड. आय ॲम गुड. आय वॉन्ट शो."

एवढंच जमलं. ह्यांनी कप बशीत ठेवला तो खळकन वाजला.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. काइंड म्हणाल्या नाहीत, डिअर म्हणाल्या नाहीत, काही हरकत नाही असंही नाही.

"येस," त्या म्हणाल्या. "आय सी."

मग किटलीत उरलेला चहा त्यांनी माझ्या कपात ओतला. तो कोमट झाला होता. मी सगळा प्यायले.